सांबरशिंगांची सजावट

सांबर आणि चितळ यांची शिंगे भिंतीवर लावण्याची पद्धत. पूर्व विदर्भात मालगुजारांच्या (गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) वाड्यांत, वऱ्हाडात देशमुख-पाटलांच्या बैठकीत ती आढळते.

सांबराचे शिंग म्हणजे निखळ हाड. ते गळते आणि पुन्हा उगवते. काळवीट, रोही (नीलगाय), चौसिंगा यांच्या शिंगात हाडाचा गाभा व वर खोळ असते, आणि ते गळत नाही. त्यामुळे भिंतीवर काळविटाचे शिंग असेल तर जनावर मेलेलेच असणार. सांबराचे तसे नाही. शिंग गळलेले की जनावर मारून काढलेले, याचा उलगडा बुडाशी होतो. गळलेल्या शिंगाचे बूड खडबडीत, किंचित फुगीर असते व भोवती दाणेदार कडे असते. मारलेल्या जनावराच्या शिंगाला कवटीचा तुकडा चिकटलेला असतो, नाहीतर करवतीची सपाट खूण दिसते. रानात पडलेले शिंग साळिंदर कुरतडतात, त्यांच्या दातांचे समांतर चर टोकांवर राहतात.

हा वापर फार जुना आहे. इंग्लंडात स्टार कार या उत्खननस्थळी लाल हरणाच्या शिंगांसह कवटीची, सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीची शिरोभूषणे सापडली. जर्मन प्रदेशात शिंगांची झुंबरे होत. भारतातले सांबरशिंग इंग्लंडातल्या शेफील्डला सुऱ्यांच्या मुठींसाठी जाई. ढालीच्या आकाराच्या पाटीवर शिंगे लावणे ही मात्र साहेबी शिकारीची देणगी.

कवटीच्या तुकड्याला भोके पाडून तो सागवानी पाटीवर स्क्रूने कसतात. भोक शिंगातच पाडले तर तडा जाण्याची भीती. पाटी हलक्या लाकडाची असली की उधई (वाळवी) तिला पोखरते, शिंगाला हात लावत नाही. मग एक दिवस सगळे खाली येते. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, सागवानी खुंटी खोल बसवावी लागते. पाटीमागे बोटभर फट ठेवली की पावसाळ्यात ओल धरत नाही.

शिंग पाण्यात बुडवू नये. आतला भाग सच्छिद्र असतो, पाणी धरून कुबटतो. कोरड्या ब्रशने खाचा झाडून पिळलेले फडके फिरवावे, एवढे पुरे. तपकिरी रंग वरच्या थरापुरताच असल्याने घासकाम किंवा ब्लीचने तो जातो. वार्निश पिवळे पडते. चुना मारण्याआधी शिंगे उतरवावीत, खाचांत गेलेले शिंतोडे निघत नाहीत. पेंढा भरलेल्या जुन्या मुंडक्यांना सोमलाचा (आर्सेनिक या विषाचा) साबण लावलेला असू शकतो. ती उघड्या हाताने झाडू नयेत.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानात सापडलेले शिंग, गळलेले असले तरी, सरकारी मालमत्ता ठरते आणि ४८ तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनाधिकाऱ्याला कळवावे लागते. वडिलोपार्जित शिंगांना मालकी प्रमाणपत्र लागते. २००३ साली घरातला असा साठा जाहीर करण्यासाठी १८० दिवस दिले होते. ते हुकलेली घरे बरीच. प्रमाणपत्र असले तरी विक्री करता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा वस्तू स्वेच्छेने, मोबदल्याविना जमा करता येतात.

रिसॉर्ट, ढाब्यांवरची बहुतेक शिंगे फायबरची असतात. कडेने साच्याची शिवण दिसते आणि बुडाचे कडे गुळगुळीत लागते.