छोटे पेन निवडताना आधी रिफील पाहावी

रोज खिशात बाळगण्यासाठी म्हणून बनवलेली पेने बंद स्थितीत साधारणपणे 9 ते 11 सेंटीमीटर लांबीची असतात. नेहमीच्या पेनाची लांबी 14 सेंटीमीटरच्या आसपास असते. हा तीन-चार सेंटीमीटरांचा फरक किरकोळ वाटला, तरी तो साधण्यासाठी हाताला मिळणारा आधार, शाईचा साठा आणि आतील हवेला लागणारी जागा या तिन्ही बाबतींत काही ना काही सोडून द्यावे लागते. असे पेन घेताना बहुतेक जण आधी धातूची चकाकी पाहतात, मग खटका दाबून त्याचा आवाज ऐकतात आणि रिफीलचा विचार ती संपल्यावर करतात. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. आत कोणती रिफील बसते हे एकदा ठरले, की पेनाची किमान लांबी, त्याचे लेखन आणि त्याचे गळणे किंवा न गळणे यांपैकी बरेचसे आपोआप ठरून जाते.

सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या दोन प्रमाणित रिफिलींची तुलना केली, तर हे लगेच लक्षात येते. बॉलपेनच्या रिफिलींची मापे आयएसओ 12757 या आंतरराष्ट्रीय मानकाने ठरवून दिलेली आहेत. त्यातील ‘जी-2’ हा जाड प्रकार सुमारे 98 मिलिमीटर लांब आणि 6 मिलिमीटर व्यासाचा असतो, तर ‘डी-1’ ही बारीक नळी 67 मिलिमीटर लांब आणि 2.35 मिलिमीटर व्यासाची असते. जी-2 रिफील, तिच्यापुढची स्प्रिंग आणि मागचा खटका एवढे सगळे सामावायचे म्हटले, तर पेन 11 सेंटीमीटरांपेक्षा फारसे छोटे करता येत नाही. मग कारागिरी कितीही उत्तम असो. डी-1 मात्र किल्ल्यांच्या जुडग्याला लावायच्या पेनातही बसते. तिची उणीव तिच्या व्यासात आहे. नळीत मावणारी शाई त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते आणि केवळ बाहेरचा व्यास विचारात घेतला, तरी जी-2 चा काटछेद डी-1 च्या साडेसहापट भरतो. त्यामुळे दिवसाकाठी चार ओळी खरडणाऱ्याला डी-1 पुरेशी आहे, पण पाने भरवणाऱ्याला ती वारंवार बदलावी लागते. (‘जी-2’ याच नावाचे एक लोकप्रिय जेल पेनही बाजारात आहे. त्याची रिफील या मापाची नसते आणि त्यामुळे अनेकांची खरेदी चुकते.) ज्या पेनात फक्त त्याच कंपनीची, कोणत्याही मानकात न बसणारी रिफील चालते, ते पेन कितीही देखणे असले तरी त्याचे आयुष्य त्या रिफिलीच्या उत्पादनाइतकेच असते.

रिफिलीच्या टोकाशी काय घडते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. साध्या भिंगाखाली धरल्यास पितळी किंवा पोलादी खोबणीत अडकवलेली गोळी दिसते. ती बहुधा टंगस्टन कार्बाइड या अत्यंत कठीण संयुगाची असते. गोळीचा व्यास 0.7 मिलिमीटर असेल, तर तिचा परीघ सुमारे 2.2 मिलिमीटर होतो. म्हणजे कागदावर एक सेंटीमीटर रेघ ओढताना ती साडेचार वेळा फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात आतून शाईचा पातळ थर घेऊन तो बाहेर कागदावर ठेवते. उमटलेली रेघ गोळीच्या व्यासापेक्षा बरीच बारीक असते, कारण गोळीचा तळाचा अगदी लहान भागच कागदाला टेकतो. पेनावर लिहिलेला 0.7 हा आकडा गोळीचा असतो, रेघेच्या जाडीचा नव्हे.

ही कल्पना तशी जुनी आहे. जॉन लाउड या अमेरिकन माणसाने 1888 मध्ये चामड्यासारख्या खरखरीत पृष्ठभागावर खुणा करण्यासाठी गोळीच्या पेनाचे पेटंट घेतले होते. अडचण शाईची होती. पातळ शाई गोळीभोवतीच्या फटीतून झिरपे आणि दाट शाई थंडीत अडून बसे. 1930 च्या दशकात हंगेरीतील लास्लो बीरो आणि त्यांचे रसायनशास्त्र जाणणारे बंधू ग्यॉर्गी यांनी गोळीला साजेशी दाट, चिकट शाई तयार केली आणि 1938 मध्ये पेटंट मिळवले. आजच्या तेलकट शाईतील द्रावक फार सावकाश उडून जातात, म्हणून साधे बॉलपेन महिनोन्‌महिने खिशात पडून राहिले तरी पहिल्या एक-दोन रेघांत चालू होते. जेल शाईचे गणित वेगळे आहे. ती पाण्यावर आधारित असते. स्थिर असताना ती घट्ट राहते आणि गोळी फिरू लागली, की त्या घुसळण्याने क्षणभर पातळ होते. जपानच्या साकुरा कंपनीने 1984 मध्ये ती बाजारात आणली. तिची रेघ गडद उमटते व हाताला जोर लावावा लागत नाही, पण शाई भराभर संपते आणि टोक उघडे राहिल्यास त्यातले पाणी उडून जाते. काही जेल रिफिलींत गोळीच्या मागे केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ती गोळीला खोबणीच्या कडेवर दाबून धरते आणि फट बंद ठेवते. क्वचितच वापरल्या जाणाऱ्या छोट्या पेनासाठी मी तेलकट शाईच निवडेन. रोज भरपूर लिहिणाऱ्याने जेलकडे वळायला हरकत नाही.

आता लांबीकडे वळू. लिहिताना पेन बोटांच्या चिमटीत धरलेले असते, टोक कागदाला टेकते आणि मागचा भाग अंगठा व तर्जनी यांच्यामधील बेचक्यात विसावतो. प्रौढ माणसाच्या हातात टोकापासून बेचक्यापर्यंतचे अंतर साधारण 10 सेंटीमीटरच्या आसपास भरते. पट्टी लावून ते स्वतःच्या हातावर मोजून पाहणे सर्वांत उत्तम. पेन त्याहून आखूड असेल, तर तिसरा आधार नाहीसा होतो. मग पेन चालवणे आणि त्याला डुलू न देणे ही दोन्ही कामे बोटांनाच करावी लागतात आणि अर्ध्या पानातच ती आखडू लागतात. यावर दोन उपाय रूढ आहेत. काही पेने दुर्बिणीच्या नळीप्रमाणे ओढून लांब करता येतात, तर काहींचे टोपण मागे लावून लांबी वाढते. दुसरा उपाय अधिक टिकाऊ आहे, कारण त्यात झिजणारे सांधे नाहीत. 1948 पासून बनणारे फिशर कंपनीचे बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे पेन बंद असताना सुमारे 9.5 सेंटीमीटर असते आणि मागे टोपण चढवल्यावर सुमारे 13.5 सेंटीमीटर होते. कावेको स्पोर्ट हे शाईचे जर्मन पेनही असेच साडेदहा सेंटीमीटरांवरून तेराच्या पुढे जाते.

धातूचा प्रश्न याच संदर्भात येतो. अॅल्युमिनियमची घनता दर घनसेंटीमीटरला 2.7 ग्रॅम, टायटॅनियमची 4.5 आणि पितळेची सुमारे 8.5 असते, म्हणजे त्याच आकाराचे पितळी पेन अॅल्युमिनियमच्या तिप्पट जड होते. मात्र पेन वळवताना हाताला जाणवणारा विरोध केवळ वजनावर अवलंबून नसतो. ते वजन बोटांपासून किती दूर आहे, त्या अंतराच्या वर्गावरही तो अवलंबून असतो. म्हणून आखूड पितळी पेन सहज पेलते, पण त्याचे जड टोपण मागे चढवले, की गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि टोक उचलले जाऊ पाहते. दुकानात पेन हातात घेताना टोपण मागे लावूनच लिहून पाहावे.

भिंतीवर कागद धरून लिहिताना बॉलपेन काही शब्दांतच बंद पडते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. नेहमीच्या रिफिलीत शाई स्वतःच्या वजनाने गोळीकडे सरकते. टोक वर गेले, की गोळीकडून हवा आत शिरते आणि शाईचा स्तंभ तुटतो. पॉल फिशर यांनी 1960 च्या दशकात यावर जो तोडगा काढला, त्यात रिफील मागून बंद करून तीत दाबाखालचा नायट्रोजन भरलेला असतो आणि शाई इतकी घट्ट असते, की गोळी फिरल्याशिवाय ती वाहतच नाही. 1968 मध्ये हे पेन अपोलो 7 मोहिमेसोबत अंतराळात गेले. नासाने त्यावर कोट्यवधी डॉलर उधळले, ही कथा खोटी आहे. संशोधनाचा खर्च फिशर यांनी स्वतः केला होता. जमिनीवरच्या माणसाला या रिफिलीचा उपयोग आडवे पडून, थंडीत किंवा ओलसर कागदावर लिहिताना होतो. मागे हवेचे छिद्र नसल्याने ती वाळतही नाही.

शाईच्या पेनाला खिशात न्यायचे, तर वायूंचे नियम ध्यानात ठेवावे लागतात. अशा पेनात बसणाऱ्या आखूड काडतुसात, म्हणजे शाई भरलेल्या बदलत्या नळीत, साधारण 0.8 मिलिलिटर शाई मावते. ते निम्मे रिकामे असताना आत 0.4 मिलिलिटर हवा असते. अंगाच्या उबेने तिचे तापमान 20 वरून 35 अंश सेल्सिअस झाले, तर ती पाच टक्क्यांनी फुगते आणि जेमतेम अर्धा थेंब शाई बाहेर ढकलते. निबेखालच्या जिभेवरील बारीक चिरा तेवढी सहज धरून ठेवतात. विमानात मात्र उड्डाणादरम्यान हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे तीन-चतुर्थांश इतका खाली येऊ शकतो. तेव्हा तीच हवा एक-तृतीयांशाने वाढते आणि दोन-तीन थेंबांना वाट करून देते. पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे ठेवावे आणि निब वरच्या दिशेला असावी, या सल्ल्यामागे एवढेच भौतिकशास्त्र आहे. साठा लहान असला, की फुगणारी हवाही कमी असते. त्यामुळे या एका बाबतीत छोटे पेन मोठ्यापेक्षा सुरक्षित ठरते.

खटका की टोपण, हा प्रश्न खिसा कोणता यावर सोडवावा. सदऱ्याच्या खिशाला अडकवायचे असेल, तर खटक्याचे पेन सोयीचे आहे. पँटच्या खिशात किल्ल्यांच्या दाबाने खटका उघडू शकतो आणि कापडाचे तंतू गोळीच्या फटीत अडकतात. तिथे फिरकीचे टोपण बरे. टोपणाच्या माथ्यावर छिद्र दिसले, तर ते दोष समजू नये. टोपण चुकून घशात अडकले तरी श्वास चालू राहावा, यासाठी हे छिद्र ठेवलेले असते. त्याविषयी आयएसओ 11540 हे स्वतंत्र मानक आहे.

सहीसाठी वापरायच्या पेनाची शाई पाण्याने आणि द्रावकांनी न पुसली जाणारी असावी. रंगद्रव्याचे सूक्ष्म कण असलेल्या जेल शाया या कसोटीला बऱ्यापैकी उतरतात, कारण ते कण कागदाच्या तंतूंत रुतून बसतात. बॉलपेनच्या ज्या शाया दस्तऐवजांसाठीच्या चाचण्या उत्तीर्ण होतात, त्यांच्या रिफिलीवर आयएसओ 12757-2 असा उल्लेख असतो. घासून पुसता येणारी शाई मात्र सहीच्या पेनात कधीही भरू नये. तिचा रंग घर्षणाच्या उष्णतेने, म्हणजे सुमारे 60 अंश सेल्सिअसला नाहीसा होतो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत काचेमागे ठेवलेला कागद त्या तापमानापर्यंत सहज पोहोचू शकतो. तो कागद शून्याच्या बराच खाली थंड केल्यास अक्षरे पुन्हा दिसू लागतात, पण ज्याने वहीचे पान एकदा पुसून त्यावर दुसरा मजकूर लिहिला असेल, त्याच्या पानावर तेव्हा दोन्ही मजकूर एकमेकांवर उमटतात.