बेंटोनाइट की केओलिन: तणनाशक कोण धरून ठेवतं?

दोन्ही पांढुरक्या, मऊ भुकट्या. दोन्हींना 'क्ले'च म्हणतात, म्हणून पाण्यातलं तणनाशक काढायला कोणतीही चालेल असं वाटतं. चमचाभर भुकटी ग्लासभर पाण्यात टाकून पाहा: केओलिन हळूहळू तळाला बसतं, बेंटोनाइट फुगतं, बुळबुळीत होतं आणि पाणी गढूळच ठेवतं.

हे फुगणं इंदूरकरांच्या ओळखीचं आहे. सांवेर-देपालपूरच्या काळ्या रानात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात बुजतात. त्या मातीतलं आणि बेंटोनाइटमधलं खनिज एकाच कुळातलं. बेंटोनाइटमधल्या माँटमोरिलोनाइटच्या थरांत काही ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं, त्यामुळे थरांवर ऋण भार राहतो. तो भागवायला सोडियम-कॅल्शियमचे आयन थरांमध्ये सैलसर बसतात. पाणी शिरलं की थर दूर होतात आणि ग्रॅममागे 700 चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग मोकळा होतो. केओलिनाइटचे थर एकमेकांना घट्ट धरलेले, आत शिरायला वाव नाही. तिथे हाच आकडा साधारण 10 ते 20. कपबशांना केओलिन उत्तम, या कामाला तोकडं.

म्हणून सरसकट बेंटोनाइट आणावं का? खरी मेख तणनाशकात आहे. पॅराक्वाटवर दोन धन भार असतात. ते सोडियमला हुसकावून थरांमध्ये असं बसतं की सहजी निघत नाही. पॅराक्वाट पोटात गेलेल्या रुग्णाला दवाखान्यात बेंटोनाइट किंवा मुलतानी माती देत आले आहेत, ते यासाठीच. उलट 2,4-डी साध्या पाण्यात ऋण भार घेऊन फिरतं, आणि ऋण थर त्याला लांबच ठेवतात. सोयाबीनवर मारतात ते इमेझेथापायरही बहुतांशी याच पंगतीतलं. ॲट्राझिनवर भारच नसतो, त्यामुळे ते थोडंफार चिकटतं, भरवशाचं नाही.

अशांसाठी बेंटोनाइटमधलं सोडियम काढून तिथे लांब कार्बन साखळीची अमोनियम संयुगं बसवतात. मग त्या मातीला पाण्यापेक्षा तेलकट रेणू जवळचे वाटतात, आणि ॲट्राझिन बरंच जास्त धरलं जातं. मात्र ही संयुगंच पाण्यात सुटत नाहीत ना, हे तपासावं लागतं.

बोरिंगच्या पाण्यात बेंटोनाइट ढवळून पिण्याचा प्रयोग मात्र घरी नको. ते खाली बसवायला तुरटी लागते, गाळताना नाकी नऊ येतात, आणि तणनाशक नष्ट होत नाही. ते त्या गाळातच असतं.