डायपरवर डायपर चढवून गळती थांबत नाही

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रात्री दोन डायपर एकावर एक घातले, किंवा आत सॅनिटरी पॅड ठेवलं, की दुप्पट शोषलं जातं, असं सोलापुरात मला अनेकांनी सांगितलं. सासूबाईंसाठी आम्हीही तेच करायचो. पहाटे बघावं तर बाहेरचा डायपर जवळपास कोरडा, आणि खालची सोलापुरी चादर कडेने ओलीचिंब.

डायपरला आणि सॅनिटरी पॅडला खालून प्लास्टिकचा थर असतो. तो ओलांडून लघवी बाहेरच्या डायपरपर्यंत पोचतच नाही. आतला भरला की मांडीच्या बाजूने वाहते. बूस्टर पॅडला, म्हणजे डायपरच्या आत ठेवायच्या जादा शोषक पॅडला, हा थर नसतो. तो भरला की उरलेली ओल खालच्या डायपरमध्ये उतरते. घरातला पॅड कुठला, हे बघायचं असेल तर तो वर्तमानपत्रावर ठेवा आणि गच्च होईपर्यंत मधोमध हळूहळू पाणी ओता. पाणी आरपार जाऊन पॅडखालचा कागद भिजला, तर तो बूस्टर.

काही जण आतल्या डायपरच्या प्लास्टिकला कात्रीने चिरा देतात. कृपा करून देऊ नका. आतले ओल शोषणारे कण फुगून जेल होतात आणि चिरांतून बाहेर पडतात.

बूस्टर पॅड डायपरच्या दोन्ही उभ्या झालरींच्या मधे बसवा, झालरीवर चढला तर गळणारच. आणि पॅड आहे म्हणून बदलायला उशीर नको, शौच झाली असेल तर मुळीच नको. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो. घाम आणि ओल मिळून म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी फार लवकर सोलवटते.