पार्श्वभूमी : अण्णादुराईंनी द्रविडनाडू का सोडला?

१ मे १९६२. महाराष्ट्र राज्य त्या दिवशी दोन वर्षांचे झाले होते. दिल्लीत राज्यसभेत मद्रासचा एक नवा सदस्य बोलायला उभा राहिला. उंचीने कमी, आवाज घोगरा, इंग्रजी मात्र अस्खलित. आपण द्रविड आहोत याचा अभिमान आहे, पण म्हणून बंगाली, मराठी किंवा गुजराती माणसाशी आपले वैर नाही, असे सांगत सी. एन. अण्णादुराई यांनी दक्षिणेसाठी स्वयंनिर्णयाचा, म्हणजे ‘द्रविडनाडू’ या वेगळ्या देशाचा हक्क मागितला. पुढच्याच वर्षी त्यांच्या पक्षाने ही मागणी रीतसर सोडली.

मागणी जुनी होती. १९३७ मध्ये मद्रास प्रांतात राजाजींचे (सी. राजगोपालाचारी) काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि शाळांत हिंदी सक्तीची करण्याचे ठरले. ब्राह्मणेतर चळवळीचे नेते पेरियार रामस्वामी त्याविरुद्ध उतरले आणि भाषेचे भांडण वेगळ्या देशाच्या मागणीपर्यंत गेले. जानेवारी १९४० मध्ये पेरियार मुंबईला येऊन जिना आणि डॉ. आंबेडकर या दोघांनाही भेटले होते. कांजीवरमच्या (कांचीपुरम) विणकर कुटुंबातले, एम. ए. झालेले अण्णादुराई हे पेरियारांचे उजवे हात. १९४४ मध्ये सेलमच्या अधिवेशनात ब्राह्मणेतरांच्या जस्टिस पार्टीचे ‘द्रविडर कळघम’ (द्रविडांचा संघ) झाले, ते त्यांनीच मांडलेल्या ठरावाने.

गुरुशिष्यांत पहिली मोठी ठिणगी १५ ऑगस्ट १९४७ ला पडली. पेरियारांनी तो दिवस दुखवट्याचा ठरवला. अण्णादुराईंनी जाहीरपणे आनंदाचा म्हटले. माझ्या मते पुढची दिशा इथेच दिसते. १९४९ मध्ये पेरियारांच्या उतारवयातल्या लग्नाचे निमित्त झाले आणि १७ सप्टेंबरला मद्रासच्या रॉबिन्सन पार्कात, भर पावसात, द्रविड मुन्नेत्र कळघम (द्रमुक) स्थापन झाला. नव्या पक्षाच्या अध्यक्षाची खुर्ची पेरियारांसाठी रिकामी ठेवली गेली. अण्णा स्वतः सरचिटणीस राहिले.

मग मागणीच आतून पोकळ होत गेली. १९५३ मध्ये आंध्र वेगळा झाला, १९५६ मध्ये राज्ये भाषेवर बेतली गेली. तेलुगू, कन्नड, मल्याळी माणसाला स्वतःचे राज्य मिळाले आणि द्रविडनाडूसाठी ओरडायला तमिळांखेरीज कोणी उरले नाही. द्रमुक निवडणुका लढवू लागला, तसा मतदार भाषेबद्दल आणि महागाईबद्दल विचारू लागला. १९६१ मध्ये ई. व्ही. के. संपत हे पक्षाचे खासदार ‘द्रविडनाडू अशक्य आहे’ म्हणत बाहेर पडले. दोनच वर्षांनी पक्ष त्यांच्याच वाटेने गेला, हा त्यातला विनोद. १९६२ ला द्रमुकने विधानसभेत ५० जागा जिंकल्या, पण खुद्द अण्णा कांजीवरममध्ये पडले. म्हणून तर ते राज्यसभेत पोचले.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. ज्या युद्धाने यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला नेले, त्यानेच अण्णांना मागणी गुंडाळायला वाट दिली. घर असेल तर कौले बदलता येतील, असे ते तेव्हा म्हणाल्याचे तमिळनाडूत आजही सांगतात. पाठोपाठ सोळावी घटनादुरुस्ती आली. आता उमेदवाराला अर्ज भरतानाच ‘भारताची सार्वभौमता व एकात्मता’ उन्नत राखण्याची शपथ घ्यावी लागणार होती. अण्णांनी विधेयकाला राज्यसभेत विरोध केला. पण शपथ नाकारायची म्हणजे निवडणुकीबाहेर राहायचे, आणि तेवढ्यासाठी त्यांनी पक्ष काढला नव्हता. मागणी सोडली तरी तिच्यामागची कारणे तशीच आहेत, ही त्यांची भूमिका मात्र कायम राहिली.

ते गप्प बसले असे नाही. १९६३ च्या नोव्हेंबरात राज्यघटनेतला राजभाषेचा भाग जाळण्याच्या आंदोलनापायी ते तुरुंगात गेले. राज्यसभेत मद्रासचे नाव ‘तमिळनाडू’ करण्याचे कम्युनिस्ट खासदार भूपेश गुप्तांचे विधेयक आले, तेव्हा कुणीतरी विचारले, नाव बदलून मिळणार काय? कौन्सिल ऑफ स्टेट्सची राज्यसभा करून तुम्हाला काय मिळाले, असा अण्णांनी उलटा सवाल केला. विधेयक पडले.

१९६७ मध्ये द्रमुकने विधानसभेच्या २३४ पैकी १३७ जागा जिंकल्या. अण्णा त्याच वेळी दक्षिण मद्रासमधून लोकसभेवर निवडून आले होते. ती जागा सोडून ते मुख्यमंत्री झाले. निवडणुकीत काँग्रेसच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पेरियारांना भेटायला ते तिरुचीला गेले. नामांतराचा ठराव विधानसभेत त्याच वर्षी मंजूर झाला आणि १४ जानेवारी १९६९ पासून राज्याचे नाव तमिळनाडू झाले. ३ फेब्रुवारीला कर्करोगाने अण्णा गेले.