दातांच्या नावावर खपलेले आजार

बाळाला ताप आला? दात येत असतील. पातळ शी होतेय? दातच, दुसरं काय! सहा महिन्यांचं बाळ असलेल्या घरात हे निदान तयारच असतं. आजीकडे असतं, शेजारच्या काकूंकडे असतं आणि कधी कधी औषधांच्या दुकानदाराकडेही. दात बिचारा आत हिरडीत असतो, त्याला बाजू मांडता येत नाही.

साधा हिशोब बघा. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो, बहुधा खालचा मधला. तिथून अडीच-तीन वर्षांपर्यंत २० दुधाचे दात येत राहतात. म्हणजे या दोन-अडीच वर्षांत बाळ कधीही आजारी पडलं, तरी कुठला ना कुठला दात नुकताच आलेला असतो किंवा यायच्या बेतात असतो.

त्यातून सहावा महिना हा बाळाच्या तब्येतीचा नाजूक काळ. पोटात असताना नाळेतून मिळालेली आईची प्रतिपिंडं तोवर ओसरत आलेली असतात आणि बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. त्याच सुमारास वरचं खाणं सुरू होतं, म्हणजे वाटी, चमचा, पाणी आणि भरवणारे हात, सगळे मार्ग जंतूंना खुले. बाळ पालथं पडून सरकू लागतं आणि फरशीवर सापडेल ते तोंडात घालतं. जुलाब होतात ते यातून.

दात वर येताना आत काय होतं, हे मात्र फार मजेदार आहे. दात सुरीसारखा हिरडी कापत वर येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दाताभोवती एक मऊ पिशवी असते. तिच्या इशाऱ्यावर खास पेशी वरचं हाड विरघळवून वाट मोकळी करतात. १९८० च्या दशकात मार्क्स आणि काहिल या अमेरिकी संशोधकांनी कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग केले. ती पिशवी काढून टाकली तर दात वर आलाच नाही. पिशवी तशीच ठेवून आतल्या दाताच्या जागी धातूची प्रतिकृती बसवली, तर ती वर आली! म्हणजे वाट करून देण्याचं काम पिशवीचं. दात नुसता त्या वाटेनं येतो.

मग त्रास होतच नाही का? होतो, पण थोडा. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभराहून अधिक बाळांच्या आईवडिलांनी रोजच्या रोज नोंदी ठेवल्या, ४७५ दातांच्या. दात दिसायच्या आधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस लाळ गळणं, चावणं, हिरड्या चोळणं, किरकिर, घन पदार्थ नको म्हणणं, अंग किंचित कोमट लागणं हे वाढलेलं दिसलं. खोकला, उलट्या, जुलाब आणि १०२ अंश फॅरनहाइटच्या वरचा ताप यांचा दाताशी संबंध दिसला नाही. त्याच वर्षी मेलबर्नमधल्या पाळणाघरांतल्या २१ मुलांची रोज तपासणी करून केलेला अभ्यास आला. त्यात तर कुठल्याच लक्षणाचा दाताशी ठोस संबंध सापडला नाही. गंमत अशी, की नंतर विचारल्यावर सगळ्या पालकांनी सांगितलं, आमच्या बाळाला दातांचा त्रास झाला होता. आठवण अशीच असते. दात दिसला की मागच्या आठवड्यातली किरकिर आपोआप त्याच्या खात्यावर जाते.

या समजुतीनं पूर्वी मुलांचे जीवही घेतले आहेत. १८३९ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये ५,०१६ मृत्यूंचं कारण म्हणून ‘दात येणे’ अशी नोंद झाली. युरोपात डॉक्टर बाळाच्या हिरडीला चीर देत. पुढे दातांसाठी मिळणाऱ्या पावडरींत कॅलोमेल, म्हणजे चक्क पाऱ्याचं संयुग असे. त्यानं मुलांचे हातपाय गुलाबी होऊन सोलवटत, मुलं मलूल होत, काही दगावत. पाऱ्याशी असलेला हा संबंध १९४० च्या दशकात उलगडला. १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या पावडरींतून पारा गेला आणि हा आजारही जवळपास नाहीसा झाला.

आपल्याकडे आज धोका वेगळा आहे, उशीर होण्याचा. ‘दातांचे जुलाब आहेत, थांबतील’ म्हणत दोन दिवस काढले, की तेवढ्यात बाळाच्या अंगातलं पाणी जातं. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं किंवा शीमध्ये रक्त दिसलं, तर दाताकडे न बघता तडक दवाखाना गाठावा. जुलाब सुरू होताच जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस, थोडं थोडं पाजत राहावं आणि अंगावरचं दूध चालूच ठेवावं. ओआरएस आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडेही मिळतात.

शिवशिवणाऱ्या हिरड्यांना मात्र फार काही लागत नाही. स्वच्छ धुतलेल्या बोटानं हलकं चोळावं किंवा फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं फडकं चावायला द्यावं, पण बर्फासारखं गोठवलेलं नको. हिरडी बधिर करणारी बेंझोकेनची जेल लहान बाळांना लावू नयेत; क्वचित त्यानं रक्ताची प्राणवायू वाहून न्यायची ताकद घटते. दोऱ्यात ओवलेले मणी तर गळ्यात नकोतच. आणि वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं म्हणतात, त्याचीही काळजी नको, काही मुलांचे तसे येतात. पहिला दात दिसला, वरचा असो की खालचा, की मऊ ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट घेऊन तो घासायला लागावं.