वृत्तनिवेदक (ब्रिटिश दूरचित्रवाणी)

ब्रिटनमधील दूरचित्रवाणी वाहिनीवर ठरलेल्या वेळेचे बातमीपत्र सादर करणारी व्यक्ती. मराठीत ‘वृत्तनिवेदक’ हा एकच शब्द पुरतो. ब्रिटनमध्ये या कामाला तीन नावे आहेत. दुसऱ्याने लिहिलेली बातमी वाचून दाखवणारा तो ‘न्यूजरीडर’. स्वतः बातमीदार असून आपल्या शब्दांत बातमी सांगणारा तो ‘न्यूजकास्टर’. बातमी सांगणे, मुलाखत घेणे आणि ऐनवेळी आलेली घडामोड निभावून नेणे अशी तिन्ही कामे करणारा तो ‘प्रेझेंटर’. बोलताना ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, पण ती वेगवेगळ्या काळांत रुळली आणि त्यांमागे कामाची वेगवेगळी कल्पना आहे.

बीबीसीने ५ जुलै १९५४ रोजी दूरचित्रवाणीवर रोजचे बातमीपत्र सुरू केले, तेव्हा रिचर्ड बेकर यांचा फक्त आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचला. पडद्यावर छायाचित्रे आणि नकाशे होते. भुवई उंचावली किंवा ओठ किंचित हलले तरी बातमीला मताचा रंग चढेल, अशी त्या वेळच्या अधिकाऱ्यांना भीती होती. पुढच्या वर्षी ४ सप्टेंबरला केनेथ केंडल कॅमेऱ्यासमोर दिसले. २२ सप्टेंबर १९५५ पासून व्यापारी वाहिनीसाठी आयटीएन ही वृत्तसंस्था बातम्या देऊ लागणार होती, म्हणून बीबीसीला हे पाऊल उचलावे लागले. आयटीएनचे पहिले संपादक एडन क्रॉली यांनी वाचक न शोधता माणसे शोधली : लांब पल्ल्याचे धावपटू ख्रिस्तोफर चॅटवे आणि वकिलीची सनद घेतलेले रॉबिन डे. दोघेही आपला मजकूर स्वतः घडवत. ‘न्यूजकास्टर’ हा शब्द ब्रिटनमध्ये रुळला तो इथून.

स्त्रियांना ही खुर्ची मिळायला फार वेळ लागला. आयटीएनवर बार्बरा मँडेल १९५५ मध्येच दुपारच्या बातम्या देत होत्या. बीबीसीने १९६० मध्ये नॅन विंटन यांना संधी दिली, पण ‘प्रेक्षकांना बाईने बातम्या दिलेल्या रुचत नाहीत’ असे कारण पुढे करून ती वर्षभरात काढूनही घेतली. त्यानंतर रात्री नऊच्या मुख्य बातमीपत्रात अँजेला रिपन नियमित दिसू लागल्या त्या १९७५ मध्ये. मोइरा स्टुअर्ट १९८१ मध्ये आल्या. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या त्या पहिल्या आफ्रिकी-कॅरिबियन वंशाच्या वृत्तनिवेदिका.

३ जुलै १९६७ रोजी आयटीएनचे ‘न्यूज ॲट टेन’ सुरू झाले. रोज रात्री अर्ध्या तासाचे बातमीपत्र ब्रिटनमध्ये तोवर नव्हते, आणि हा प्रयोगही सुरुवातीला १३ आठवड्यांपुरताच मंजूर झाला होता. बिग बेनच्या टोल्यांबरोबर ठळक बातम्या देण्याची त्याची पद्धत आजही ओळखीची आहे. दोन टोल्यांमध्ये एकच वाक्य मावते. एक शब्द जास्त झाला तर पुढचा टोला त्यावर आदळतो. त्यामुळे या ओळी लिहिताना घड्याळ समोर ठेवावे लागते.

खुर्चीपर्यंतची वाट. थेट निवेदक म्हणून नेमणूक क्वचितच होते. नेहमीची वाट स्थानिक वृत्तपत्र किंवा स्थानिक रेडिओ, मग प्रादेशिक बातमीपत्र, मग राष्ट्रीय वाहिनीवर वार्ताहर, एखाद्या विषयाचा किंवा देशाचा प्रतिनिधी, आणि शेवटी निवेदक अशी जाते. पत्रकारितेच्या प्रशिक्षणाची ‘एनसीटीजे’ या संस्थेची परीक्षा पुष्कळजण देतात. तिच्यात लघुलिपीसाठी मिनिटाला १०० शब्दांचा वेग हे जुने मानक आहे. खुर्चीवर पहिल्यांदा बसण्याची वेळ येते ती पहाटेच्या, सुट्टीच्या दिवसाच्या किंवा रजेवर गेलेल्या सहकाऱ्याच्या जागी. ही बदली वर्षानुवर्षे चालते. मुख्य बातमीपत्रावरची माणसे कमी आणि टिकून राहणारी असल्यामुळे जागा सहसा रिकामी होत नाही.

ट्रेव्हर मॅकडॉनल्ड यांची कारकीर्द या वाटेचा उत्तम नमुना आहे. १९३९ मध्ये त्रिनिदादमधील सान फर्नांडो येथे जन्मलेले मॅकडॉनल्ड तिथल्या रेडिओवर तयार झाले. १९६९ मध्ये ते बीबीसीच्या परदेशी सेवेत निर्माते म्हणून लंडनला आले आणि १९७३ मध्ये आयटीएनमध्ये वार्ताहर झाले. उत्तर आयर्लंडमधील हिंसाचार, खेळ आणि मग परराष्ट्र व्यवहार अशी क्षेत्रे त्यांनी हाताळली. १९९० मध्ये, कुवेतवरील आक्रमणानंतर, त्यांनी बगदादमध्ये सद्दाम हुसेन यांची मुलाखत घेतली. त्याच वर्षी तुरुंगातून सुटलेल्या नेल्सन मंडेला यांचीही. ‘न्यूज ॲट टेन’ची खुर्ची १९९२ मध्ये एकट्या त्यांच्याकडे आली, तेव्हा आयटीएनमध्ये त्यांची जवळपास दोन दशके झाली होती. १९९९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. २००५ च्या अखेरीस ते बातम्यांमधून निवृत्त झाले, २००८ मध्ये जुली एचिंगम यांच्यासोबत काही महिने परतले आणि त्याच वर्षी थांबले. त्यांच्या संथ, खर्जातल्या वाचनाची पुष्कळांनी नक्कल केली. पण मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यांना सुचे तो वार्ताहर म्हणून घालवलेल्या वर्षांमुळे, हे नक्कल करणाऱ्यांच्या हाती लागण्यासारखे नव्हते.

स्टुडिओतले काम. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे ४५ अंशांत तिरकी काच असते. तिच्याखालच्या आडव्या पडद्यावर मजकूर आरशातल्यासारखा उलटा उमटतो, काचेत तो सुलटा दिसतो, आणि काचेमागच्या भिंगाला तो दिसतच नाही. ‘ऑटोक्यू’ हे कंपनीचे नाव ब्रिटनमध्ये या यंत्राचेच नाव होऊन बसले आहे. काचेवरची ओळ मुद्दाम आखूड ठेवतात, कारण ती लांब झाली की निवेदकाचे डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना घरी बसलेल्याला दिसतात. मजकूर सरकवणाऱ्याने निवेदकाच्या वेगाने चालायचे असते. नवख्याची चूक इथे ठरलेली : मजकूर आपल्याला मागे टाकील या धास्तीने तो वेग वाढवतो, त्याला गाठायला सरकवणाराही वेग वाढवतो, आणि दोघे मिळून बातमी पळवतात. उपाय एकच, निवेदकाने वाक्याच्या शेवटी थांबायचे. थांबला की मजकूरही थांबतो.

इंग्रजी वाचनाचा हिशेब सेकंदाला तीन शब्द असा धरतात. चित्रफितीआधीचे २० सेकंदांचे प्रास्ताविक म्हणजे ६० शब्द. बहुतेक निवेदक हे प्रास्ताविक स्वतःच्या जिभेला सोयीचे करून घेतात. त्या वेळी चित्रफितीचे पहिले वाक्य वाचून ठेवणे अत्यावश्यक असते. ते पाहिले नाही, तर निवेदक जे म्हणतो तेच वाक्य पुढच्या क्षणी वार्ताहर म्हणतो, आणि प्रेक्षकाला दोघेही बेसावध वाटतात. मोठे आकडे शब्दांत लिहून घेतात. परकी नावे बीबीसीच्या उच्चार विभागाकडून तपासून, जशी बोलायची तशी फोडून लिहितात.

कानात इअरपीस असतो. ‘गॅलरी’ नावाच्या नियंत्रण कक्षातून संपादक, दिग्दर्शक आणि प्रॉडक्शन असिस्टंट त्यातून बोलतात. काही निवेदक गॅलरीतला सगळा गलबला कानात घेतात, काहींना फक्त त्यांच्यासाठीचे शब्द हवे असतात. पहिल्या पद्धतीत काय बिघडते आहे ते आधी कळते, दुसरीत डोके शांत राहते. चित्रफीत संपत आली की उलटी मोजणी कानात सुरू होते, आणि तोंडाने मुलाखत चालू असतानाही ती मोजणी ऐकावी लागते. ही सवय पुस्तकातून येत नाही. ती येते घरी रेडिओ लावून त्याच वेळी मोठ्याने वाचण्यासारख्या सरावातून.

टेबलावर कागदी प्रत असतेच. बातमी काचेवर चालू असताना हात कागदाचे पान उलटत राहतो, म्हणजे काच अचानक कोरी पडली तर नजर खाली नेऊन त्याच वाक्यावर येता येते. पाने न उलटणाऱ्याची फजिती होते. कागद हातात असतो, पण तो तीन बातम्या मागे.

दूरच्या वार्ताहराशी बोलताना अडचण वेगळी असते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. त्यामार्गे आवाज जायला पाव सेकंद लागतो आणि उत्तर यायला आणखी तेवढाच, वर यंत्रांचा विलंब. म्हणून प्रश्न आखूड विचारायचा आणि गप्प राहायचे. मध्येच ‘हं’ म्हटले तर तिकडचा माणूस वाक्य तोडतो. वार्ताहराच्या कानात जाणाऱ्या आवाजातून त्याचा स्वतःचा आवाज वगळावा लागतो. तो राहून गेला तर आपलेच शब्द उशिरा ऐकू येऊन अनुभवी माणूसही अडखळतो.

बातमीपत्र ठरलेल्या सेकंदाला संपवावे लागते, कारण सायंकाळी साडेसहाला बीबीसी वनवर सगळे प्रदेश आपापल्या बातम्यांकडे वळतात. आधीची मुलाखत लांबली तर पुढची एखादी बातमी गाळली जाते. ते निवेदकाला कानात एका शब्दात कळते, आणि चेहरा न बदलता त्याला ते पान बाजूला सरकवावे लागते.

नियम. बातमी निःपक्षपाती असावी असे ब्रिटनचा प्रसारण कायदा सांगतो आणि ‘ऑफकॉम’ ही नियामक संस्था त्यावर लक्ष ठेवते. अपवादात्मक संपादकीय कारण असल्याशिवाय राजकारण्याला बातम्यांसाठी निवेदक, मुलाखतकार किंवा वार्ताहर करता येत नाही. २०१७ पासून बीबीसी ठरावीक रकमेवरचे वेतन नावानिशी प्रसिद्ध करते. त्यातून स्त्री-पुरुषांच्या मानधनातली तफावत उघड झाली, आणि २०२० मध्ये निवेदिका समीरा अहमद यांनी समान वेतनाचा खटला जिंकला. त्यांचा लढा या पेशातल्या प्रत्येक स्त्रीच्या कामाचा होता.

प्रत्यक्ष प्रक्षेपणातले प्रसंग. २३ मे १९८८ रोजी समलिंगी व्यक्तींविरोधी ‘कलम २८’चा निषेध करणाऱ्या स्त्रिया बीबीसीच्या सहाच्या बातम्या चालू असताना स्टुडिओत शिरल्या. निकोलस विचेल एकीला धरून होते, आरडाओरडा ऐकू येत होता, आणि शेजारी सू लॉली वाचत राहिल्या. ८ मे २००६ रोजी बीबीसीच्या चोवीस तास वाहिनीवर गाय क्यूनी या तंत्रज्ञान-पत्रकाराऐवजी नोकरीच्या मुलाखतीसाठी आलेल्या गाय गोमा यांना कॅमेऱ्यासमोर बसवले गेले. पहिले नाव सारखे, एवढेच कारण. पाहुण्याचे पूर्ण नाव त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे ते याचसाठी. ३० मार्च २००२ रोजी राजमाता एलिझाबेथ यांच्या निधनाची बातमी देताना पीटर सिसन्स यांच्या गळ्यात काळ्याऐवजी गडद लाल टाय होता, आणि वृत्तपत्रांनी त्यावर रान उठवले. ८ सप्टेंबर २०२२ ला राणीच्या प्रकृतीविषयी डॉक्टरांना काळजी वाटत असल्याचे निवेदन दुपारी आले. निधनाची घोषणा व्हायला सायंकाळचे साडेसहा वाजले, पण बीबीसीच्या खुर्चीवरचा टाय त्याच्या कितीतरी आधी काळा झाला होता.