औद्योगिक वायुप्रदूषण आणि लगतची वस्ती : ठाणे-बेलापूर पट्टा

कारखान्यांतून बाहेर पडणारा धूर, धूळ, वायू आणि दर्प यांची झळ शेजारच्या वस्तीला कमीत कमी बसावी म्हणून कारखान्यात, मधल्या जागेत, कायद्याच्या पातळीवर आणि घराघरांत जे उपाय केले जातात, त्यांची ही नोंद आहे. त्यासाठी ठाणे खाडीच्या पूर्वेचा, दिघ्यापासून नेरूळपर्यंतचा औद्योगिक पट्टा समोर ठेवला आहे. प्रदूषण किती बाहेर पडते याइतकेच ते किती वाजता आणि कोणत्या वाऱ्यावर बाहेर पडते, याला येथे महत्त्व आहे. उपायांच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा बहुतेक वेळा सुटतो.

पट्टा आणि वस्ती

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) १९६२ साली स्थापन झाले. ठाण्यातील वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. त्यापाठोपाठ खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने ट्रान्स ठाणे क्रीक म्हणजेच ‘टीटीसी’ औद्योगिक क्षेत्र उभे राहिले आणि साठच्या दशकातच तेथे पेट्रोरसायनांचे मोठे कारखाने आले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको महामंडळाची स्थापना १९७० ची, नवी मुंबई महानगरपालिकेची १९९२ ची. रस्त्याच्या पूर्वेला कारखाने आणि पश्चिमेला ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी हे सेक्टरांत विभागलेले नोड (सिडकोची उपनगरे), अशी मांडणी होत गेली.

म्हणजे कारखाने आधीचे आणि सेक्टर नंतरचे. पण दिघे, रबाळे, घणसोली, महापे, पावणे, तुर्भे ही आगरी-कोळ्यांची गावे या दोहोंच्याही आधीची आहेत. ‘घर घेताना शेजारची कंपनी दिसली नव्हती का?’ हा प्रश्न सेक्टरमधल्या रहिवाशाला हमखास ऐकवला जातो; गावकऱ्याला तो विचारताच येत नाही. तिसरा गट कारखान्यांच्या कुंपणाला लागून आणि डोंगराच्या पायथ्याला दाटलेल्या झोपडवस्त्यांचा. तेथील कित्येकजण याच कारखान्यांत राबतात, त्यामुळे कामावर आणि घरी त्यांच्या वाट्याला तीच हवा येते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील ८८ औद्योगिक समूहांचा सर्वंकष पर्यावरणीय प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात नवी मुंबईला ७३.७७ गुण मिळाले. सत्तरच्या वर गुण म्हणजे ‘अतिगंभीर’. महाराष्ट्रातून चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद आणि तारापूरही याच यादीत होते. पुढे २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांत नवी मुंबईचे नाव आले.

वाऱ्याचे वेळापत्रक

पट्ट्याच्या पश्चिमेला खाडी आणि पूर्वेला पारसिकचा डोंगर. दिवसा जमीन तापली की खाडीकडून डोंगराकडे वारा वाहतो. रात्री जमीन आधी निवते आणि वारा उलटा, डोंगराकडून खाडीकडे येतो. शाळेच्या भूगोलात यांना खारे वारे आणि मतलई वारे म्हणतात. कोळ्यांना होडीच्या कामात ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. कारखाने बरोबर मधोमध असल्यामुळे त्यांचा धूर दिवसा डोंगराच्या पायथ्याच्या वस्त्यांवर जातो आणि रात्री रस्ता ओलांडून सेक्टरांत शिरतो.

हिवाळ्यात यात आणखी भर पडते. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि तिच्यावरची उबदार राहते. तापमानाच्या या विपरीततेमुळे हवा वर उठत नाही. भांड्यावर झाकण ठेवावे तसा धूर खालच्या थरात कोंडतो आणि सकाळचे ऊन चांगले वर येईपर्यंत सुटत नाही. पावसाळ्यात मात्र जोरदार नैर्ऋत्य वारे आणि सरी हवा धुऊन काढतात.

कोपरखैरणे आणि घणसोलीत माथाडी कामगारांची मोठी वस्ती आहे. बाजार समितीत जायला ही माणसे पहाटे अंधारात घर सोडतात, तेव्हा रस्त्यावरच्या दिव्याभोवती पिवळसर धूसर वलय दिसते, घशाला खवखव सुटते आणि डोळ्यांत कांदा चिरल्यासारखी आग होते. घरातल्या बाईने रात्री अकरालाच रस्त्याकडच्या खिडक्या लावून फटीत ओले फडके कोंबलेले असते. ‘कंपन्या रात्री गुपचूप गॅस सोडतात’ असे येथे सर्रास म्हटले जाते. ते काही ठिकाणी खरे असू शकते. पण कारखान्याने चोवीस तास सारखाच वायू सोडला तरी सेक्टरात त्याचा वास रात्रीच येणार, हेही तितकेच खरे. या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवता आल्या नाहीत तर तक्रार टिकत नाही. त्या कशा वेगळ्या करायच्या, ते पुढे येईल.

आकड्यात न मावणारा वास

भारतातील परिसर-हवेची मानके १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झाली. त्यांत बारा प्रदूषके आहेत आणि औद्योगिक व निवासी भागांना मर्यादा एकच आहे. पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, त्यांहून मोठ्या पीएम १० कणांची ६०. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ साठी ५ हा आकडा सुचवला. यावरून मानकात बसणारी हवा आणि निर्धोक हवा यांतले अंतर ध्यानात येते.

वासाचे दुखणे निराळे आहे. कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड आणि सडक्या कोबीसारखा वास येणारे मर्कॅप्टन हवेच्या अब्ज भागांत काही भाग एवढे असले तरी नाकाला कळतात. पण या बारा प्रदूषकांत ते नाहीत, आणि रोज मोबाइलवर दिसणाऱ्या एक्यूआयमध्येही (हवा गुणवत्ता निर्देशांकात) नाहीत. म्हणून एक्यूआय ‘मध्यम’ आणि घरात मात्र मळमळ, असा अनुभव येतो. रहिवाशाला भास होत नसतो. यंत्र ती गोष्ट मोजतच नसते.

जे मोजले जाते तेही सरासरीत बुडते. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. दिवसातले २२ तास सल्फर डाय-ऑक्साइड ३० मायक्रोग्रॅम राहिला आणि पहाटेचे दोन तास ४०० वर गेला, तर चोवीस तासांची सरासरी येते सुमारे ६१. मर्यादा आहे ८०. कागदावर सगळे ठीक, आणि त्या दोन तासांत दम्याच्या मुलाला दवाखान्यात न्यावे लागलेले असते. त्यामुळे वस्तीसाठी मोजणी करायची तर दर तासाचा, शक्य तर पंधरा मिनिटांचा आकडा हवा आणि त्याच्या शेजारी वाऱ्याची दिशा हवी. महापे, ऐरोली, नेरूळ येथे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्वयंचलित मोजणी केंद्रे आहेत. त्यांचे तासागणिक आकडे वाऱ्याशी जुळवून पाहणे हे जागरूक रहिवासी संघाला सहज जमण्यासारखे काम आहे.

उगमापाशीचे उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय कारखान्याच्या आतच आहेत. पहिला मान इंधनाचा. एक किलो गंधक जळले की दोन किलो सल्फर डाय-ऑक्साइड तयार होतो. तीन टक्के गंधकाचे फर्नेस ऑइल तासाला शंभर किलो जाळणारा बॉयलर दर तासाला सहा किलो वायू सोडतो. तोच बॉयलर नळाच्या नैसर्गिक वायूवर आणला की हा आकडा जवळजवळ शून्यावर येतो आणि काजळीही जाते. महाग असला तरी इतका स्वच्छ हिशेब दुसऱ्या कोणत्याही उपायाचा नाही.

चिमणीची उंची सूत्राने ठरते. तासाला निघणाऱ्या सल्फर डाय-ऑक्साइडच्या किलोंचा ०.३ वा घात घेऊन त्याला १४ ने गुणायचे. उत्तर मीटरमध्ये येते, आणि ते ३० पेक्षा कमी आले तरी चिमणी किमान ३० मीटर हवी. वरच्या बॉयलरचे उत्तर २४ येते, म्हणून तेथे ३० मीटर. परंतु चिमणी उंच केल्याने प्रदूषण घटत नाही, ते लांब जाऊन विरते एवढेच; आणि पारसिकचा डोंगर या चिमण्यांहून कितीतरी उंच असल्यामुळे दिवसाचा धूर त्याच्या उतारावरच आदळतो. या पट्ट्यात केवळ उंच चिमणीच्या भरवशावर राहता येत नाही.

धुळीसाठी सायक्लोन (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारे यंत्र), बॅग फिल्टर आणि मोठ्या बॉयलरांना विजेच्या भाराने धूळ ओढून घेणारा विद्युत-स्थितिक अवक्षेपक लावतात. बॅग फिल्टर म्हणजे कापडी पिशव्यांची रांग. एक पिशवी फाटली तरी धूळ त्या भोकातून वाट काढते, म्हणून पिशव्यांच्या आतबाहेरच्या दाबातला फरक रोज पाहावा लागतो. तो एकाएकी घटला तर पिशवी गेली असे समजायचे.

आम्लधर्मी वायूंसाठी स्क्रबर म्हणजे वायू धुणारे यंत्र लागते. उभ्या मनोऱ्यात प्लॅस्टिकच्या कड्यांची भर असते. खालून वायू चढतो आणि वरून कॉस्टिक सोड्याचे पाणी झिरपते. ते पाणी आम्ल शोषून घेते आणि हळूहळू स्वतःच निकामी होते. पीएच (पाणी आम्ल की अल्क हे दाखवणारा आकडा) उतरला आणि नवा सोडा घातला नाही, तर पंप चालू, पाणी फिरते आहे, तपासनीस समाधानी, आणि वायू मात्र जसाच्या तसा बाहेर. पंपच बंद ठेवला तर वीज आणि सोडा दोन्ही वाचतात. हा मोह रात्रपाळीला सर्वांत जास्त असतो, कारण त्या वेळी पाहायला कोणी येत नाही. प्रदूषण नियंत्रण यंत्रणेला स्वतंत्र वीजमीटर बसवून त्याची नोंदवही ठेवण्याची अट मंडळाच्या संमतीपत्रांत, म्हणजे कारखान्याच्या परवान्यांत, याचसाठी घातलेली असते. अंगणात उभा असलेला स्क्रबर पुरावा नव्हे. त्याच्या पंपाने रात्री दोन वाजता किती युनिट ओढले आणि त्या वेळी पीएच किती होता, हा पुरावा. रात्रीचे रीडिंग दिवसाइतकेच असेल, पीएचही सांभाळलेला असेल, तर दोष बहुधा वाऱ्याच्या दिशेचा किंवा दुसऱ्या एखाद्या उगमाचा. युनिट घटले असतील तर यंत्रणा रात्री थांबत होती.

मोठ्या वासाचा उगम कित्येकदा चिमणीत नसतोच. द्रावक भरताना उघडी राहिलेली टाकी, झिजलेली पंप-सील, वाल्व्हच्या सांध्याची गळती, सांडपाण्याची उघडी गटारे यांतूनही बाष्पे सुटतात. टाक्यांवर तरंगते छत किंवा नायट्रोजनचे आच्छादन, बाष्प परत द्रवात आणणारा कंडेन्सर, सांध्यांची ठरावीक काळाने गळती-तपासणी हे त्यावरचे उपाय. सांडपाण्याच्या टाक्यांना झाकण घालून आतली हवा जैवगाळणीतून नेता येते. तीत लाकडाचे तुकडे आणि कंपोस्ट यांवर वाढणारे जिवाणू दुर्गंधी वायू खातात. यातली बरीच कामे दुरुस्ती-देखभालीच्या खात्याची आहेत आणि नवे यंत्र घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत.

दर्पयुक्त मालाचे घाणे उतरवणे, टाक्या साफ करणे, रिॲक्टर (रासायनिक क्रियेचे पात्र) उघडणे ही कामे वाऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे लावता येतात. हिवाळ्यात ती सूर्यास्तानंतर आणि पहाटे टाळून उन्हे चढल्यावर, हवा वर उठत असताना केली, तर खर्च जवळजवळ काहीच येत नाही. मात्र ही सवलत ज्याचे स्क्रबर चालू आहेत त्यालाच, कारण दुपारचा वारा डोंगराच्या पायथ्याकडे जातो आणि तिथेही माणसेच राहतात.

मधली जागा

कारखाना आणि घर यांच्यातील अंतराला पर्याय नाही, आणि नेमके तेच वाढत्या शहरात आधी खाल्ले जाते. हरितपट्टा धूळ अडवतो. त्यासाठी झाडे वाऱ्याला आडवी, अनेक रांगांत आणि कमी-अधिक उंचीची लावावी लागतात : आधी झुडपे, मग करंज, बकुळ, त्यामागे कडुनिंब, जांभूळ. सदाहरित आणि खरबरीत पानांची झाडे बरी, कारण हिवाळ्यात गरज सर्वाधिक असते तेव्हा पानगळीची झाडे उघडी पडतात. सप्तपर्णी रस्तोरस्ती लावली गेली, पण ऑक्टोबरातल्या तिच्या उग्र गंधाने अनेकांचे डोके चढते. घरांलगत ती नसलेली बरी. वायू आणि दर्पावर झाडांचा उपयोग मर्यादित आहे. रोपे लावल्याचा फलक दाखवून स्क्रबरचा प्रश्न मागे ढकलला जात असेल, तर ते मान्य करू नये.

कायदा आणि तक्रार

वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ चा. त्याखाली प्रदूषण करणाऱ्या कारखान्याला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून उभारणीसाठी आणि चालवण्यासाठी संमतीपत्र घ्यावे लागते. लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा आणि २०२५ पासून निळा अशी उद्योगांची प्रतवारी आहे. लाल म्हणजे सर्वाधिक प्रदूषणक्षम; पांढऱ्याला संमतीतून सूट आहे. संमतीपत्रात चिमण्यांची संख्या, इंधन, मर्यादा आणि यंत्रणा लिहिलेली असते. तक्रार करण्यापूर्वी ते वाचणे हे अर्धे काम आहे. जमीन एमआयडीसीची, संमती मंडळाची, वस्ती महापालिकेची आणि कामगारांची सुरक्षितता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, अशी वाटणी असल्यामुळे अर्ज फिरत राहतो. वासाचा अर्ज मंडळाकडेच द्यावा. पर्यावरणाचे खटले चालवणारे राष्ट्रीय हरित अधिकरण २०१० च्या कायद्याने आले आणि त्याचे पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे.

‘रोज रात्री वास येतो’ या वाक्यावर कोणी काही करू शकत नाही. तारीख, सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, इमारत, वाऱ्याची दिशा, वास कशासारखा, अशी वही चार-पाच इमारतींनी मिळून महिनाभर ठेवली की उगमाची दिशा नकाशावर रेघा ओढून काढता येते. अगरबत्तीचा धूर कुठे झुकतो एवढे पाहिले तरी वाऱ्याची दिशा कळते. अशी वही घेऊन त्या वेळच्या वीजमीटरच्या नोंदी मागितल्या, तर उत्तर देणे भाग पडते.

घरात

घरातले उपाय शेवटचे आणि दुबळे. एन-९५ मास्क आणि हेपा गाळणीचे यंत्र कण अडवतात, वायू अडवत नाहीत. त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो आणि तो भरला की बदलावा लागतो. सेक्टरांत दुपारी खाडीकडून वारा येतो तेव्हा खिडक्या सताड उघडाव्यात आणि तिन्हीसांजेनंतर कारखान्यांकडच्या लावाव्यात. डोंगराच्या पायथ्याशी हे वेळापत्रक उलटे आहे; तेथे धुराची वेळ दुपारची, आणि पत्र्याच्या खोलीत भर दुपारी खिडकी लावून बसता येत नाही. सेक्टरांतल्या शाळांनी हिवाळ्यात सातचा कवायतीचा तास दहाच्या पुढे नेला, तर मुले धावत असताना झाकण उठलेले असेल.